काळ्या पाषाणाचे ऋण

दिलेला शब्द फिरणार नाही, हे सांगायचे झाले की मराठी माणूस त्याला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. व्यापाऱ्याच्या पेढीवर तर या वाक्प्रचाराला विशेष मान. कारण तेथे वहीतल्या आकड्याइतकेच तोंडच्या शब्दाला मोल असते. मात्र ज्या काळ्या दगडाची साक्ष काढून हा शब्द दिला जातो, त्याची ओळख अलीकडे घराघरांतून पुसट होत चालली आहे. पेठेतल्या वाड्याचे जोते, दुकानाची पायरी, मंदिराचे गर्भगृह, नदीचा घाट, गावची बारव आणि स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा या सर्वांचा पाषाण एकच. महाराष्ट्राच्या भूमीची हाडे याच दगडाची आहेत.

आज वडिलोपार्जित वाड्याच्या पुनर्बांधणीचा विचार अनेक कुटुंबांत चालू आहे, आणि गावोगावच्या जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या बैठका विश्वस्त मंडळांत होत आहेत. अशा प्रत्येक बैठकीत या दगडाच्या भवितव्याचा निर्णय, बहुधा नकळत, होऊन जातो. ठराव करण्यापूर्वी त्या दगडाचा इतिहास आणि स्वभाव ठाऊक असलेला बरा.

अग्नीतून जन्मलेला दगड

भूशास्त्रात या दगडाला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहू लागला. एकाच पर्वताच्या मुखातून झालेला हा उद्रेक नव्हता. भेगांतून लाव्ह्याचे पूर येत राहिले, थरावर थर साचत गेले. आज हे खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीजवळ त्यांची एकूण जाडी सुमारे दोन किलोमीटरपर्यंत जाते. डोंगराच्या अंगावर दिसणारे पायऱ्यांसारखे टप्पे म्हणजे हेच थर. त्यांवरूनच भूशास्त्रज्ञांनी या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव दिले. त्याचे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे.

सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट आणि एकजीव, तर काहींमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेल्या व त्यांत पुढे पांढरट खनिजे भरलेली. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. घट्ट थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. सह्याद्रीतल्या गडांना जे नैसर्गिक ताशीव कडे लाभले, त्यांचे रहस्य या थरांच्या रचनेत आहे.

पाथरवटाला ही शास्त्रीय परिभाषा माहीत नसेल, पण दगडाची पारख त्याच्या कानात असते. सुतकीचा ठोका पडताच जो दगड घंटेसारखा खणखणतो तो निर्दोष. ज्याचा आवाज बद्द येतो त्याच्या पोटात चीर असण्याचा संभव. पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र दगड तो भरावाला देतो आणि बारीक कणांचा घट्ट दगड मूर्तीसाठी, खांबासाठी, उंबऱ्यासाठी राखून ठेवतो. असा एक घनफूट दगड सुमारे ८० किलो भरतो. हे वजन लक्षात घेतले म्हणजे गडाच्या माथ्यावरच्या एकेका चिऱ्यामागे किती हातांचे श्रम आहेत, याची कल्पना येते.

डोंगरातच घडलेली मंदिरे

या पाषाणाचा सर्वांत थोर उपयोग झाला तो त्याला जागचा न हलवता. थर आडवे, सलग आणि जाड असल्याने डोंगर आतून कोरण्याची कल्पना येथे सहज रुजली. वेरूळच्या ३४ लेण्यांत पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलास मंदिर शिखराकडून पायाकडे उतरत कोरले गेले. अशा कामात चूक दुरुस्त करायला वाव नसतो. छिन्नीखाली गेलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.

नवव्या-दहाव्या शतकांतील जैन लेण्यांत ही कला अधिक नाजूक झाली. इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध असलेल्या ३२ व्या लेण्यात तीर्थंकरांच्या ध्यानस्थ मूर्ती, वेलींनी वेढलेले बाहुबली, यक्ष आणि आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका आहे. यक्ष आणि अंबिका यांनाच पुढे लोकांनी इंद्र-इंद्राणी मानले आणि लेण्याला तेच नाव चिकटले. छतावर रंगचित्रांचे अंश अजून दिसतात. जवळच्या टेकडीवर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती असून तिच्यावरील लेख शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा आहे. तीन धर्मांच्या कारागिरांनी एकाच डोंगराच्या एकाच पाषाणात शतकानुशतके काम केले. १९८३ साली वेरूळचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला.

मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईची लेणी, नाशिकजवळचे गजपंथ, पार्श्वनाथांच्या मूर्ती असलेली धाराशिवची लेणी ही याच परंपरेची ठिकाणे. ही परंपरा केवळ भूतकाळाची नाही. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी येथे डोंगराच्या अखंड पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ साली पूर्ण झाली. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने झालेल्या या कामात यंत्रे होती, तरी मूर्तीच्या मुखावरचा अखेरचा हात कारागिराच्या छिन्नीचाच.

चुन्याविना उभी राहिलेली भिंत

लेण्यांनंतर बांधीव मंदिरांचा काळ आला. या शैलीला लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री पंडित तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी मंत्री होता. शैली मात्र त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथचे शिवमंदिर इ.स. १०६० चे, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. सिन्नरचे गोंदेश्वर, खिद्रापूरचे कोपेश्वर ही याच घराण्यातली रत्ने. खिद्रापुरात कोपेश्वराच्या सोबतीला आदिनाथांचे प्राचीन जिनमंदिरही उभे आहे.

या बांधणीचे मर्म असे की चिऱ्यांना चिकटवणारा चुना तेथे वापरलेला नसतो. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तशीच जीभ; एकाच्या वजनाने दुसरा जागी बसलेला. भूमी हलली तर सांधे किंचित सरकतात आणि पुन्हा स्थिरावतात. एवढ्या अचूक सांधणीसाठी दगडाची पृष्ठभागे आरशासारखी सपाट घासावी लागत, आणि हे सारे मोजमाप ओळंबा, गुण्या आणि दोरी यांच्या बळावर होई.

मराठा काळात दगडाला चुन्याची जोड मिळाली. भाजलेली चुनकळी विझवून घाणीत मळायची, त्यात गूळ, बेलफळ असे पदार्थ मिसळायचे आणि तो चुना मुरू द्यायचा, ही जुनी रीत. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतून चिरे बसवले गेले. नाशिकचे काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वराचे मंदिर ही अठराव्या शतकातील काळ्या पाषाणाची उत्तम उदाहरणे. पुण्याच्या शनिवारवाड्यावर दगडाचा स्वभाव स्पष्ट वाचता येतो. १८२८ च्या आगीत वाड्याचे लाकडी महाल जळून गेले. दगडी जोती आणि तटबंदी तेवढी उरली.

पेठांमधले व्यापाऱ्यांचे वाडेही याच हिशेबाने बांधलेले. खाली घडीव दगडाचे उंच जोते, वर वीट आणि सागवान. दगड ओल वर चढू देत नाही, वाळवीला वाट देत नाही, रस्त्यावरचे पाणी आत घेत नाही. मारवाडातून वा गुजरातेतून आलेल्या कुटुंबांनी येथे पेढ्या थाटल्या, तेव्हा त्यांनी आपल्या गावचा पिवळा वा पांढरा दगड आणवण्याचा हट्ट धरला नाही. नक्षी, झरोके, देवळ्या आपल्या रीतीच्या ठेवल्या आणि दगड या मातीचा घेतला. परक्या प्रदेशात मूळ धरण्याची ही शहाणी पद्धत होती.

राजाबाईंच्या नावाचा मनोरा

जैन व्यापारी आणि स्थानिक पाषाण यांच्या संबंधाची सर्वांत ठळक खूण मुंबईत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला. त्या बाजाराचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि त्यानंतर घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा. राजाबाईंची दृष्टी गेली होती, त्या सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळत आणि घंटानादावरून त्यांना वेळ कळे, अशी कथा आजही सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या आणि प्रेमचंद शेठांची संपत्तीही त्या लाटेत वाहून गेली. दान मात्र दिलेले होते. १८६९ साली मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि १८७८ साली २८० फूट उंचीचा तो मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडात पूर्ण झाला. त्या तेजीतले शेअर, हुंड्या आणि कंपन्या यांचा आज मागमूस नाही. राजाबाई मनोरा उभा आहे. २०१८ पासून तो परिसर जागतिक वारशाचा भाग आहे.

मुंबईच्या भोवतीच्या टेकड्यांत काळ्याबरोबर पिवळट छटेचाही दगड मिळे, म्हणून त्या शहराच्या जुन्या इमारतींचा रंग पुण्या-नाशिकहून वेगळा दिसतो. १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया अशाच पिवळसर बेसाल्टचे. अंधेरीत गिल्बर्ट हिल हा षट्कोनी स्तंभांचा काळा कडा एकटा उभा आहे. आजूबाजूचा खडक फोडून नेला गेला. उरलेला हा सुमारे २०० फुटांचा सुळका मुंबई कोणत्या पाषाणावर वसली आहे याची साक्ष देतो.

पाथरवटाचा हात

दगड टिकतो, पण तो घडवणारा हात टिकेलच असे नाही. वडार, बेलदार आणि पाथरवट या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. खडकावर रेषा आखून ओळीने भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि एकेका पाचरीवर सारखे घाव घालत दगड नेमक्या रेषेवर उकलायचा. ही विद्या पुस्तकातून येत नाही. घण, पहार, सुतकी, छिन्नी, टाकी या हत्यारांची धार लावण्यासाठी भाता सोबत असे. वर्षाकाठी जात्याला टाकी लावणारा कारागीर गल्लीतून हाक देत जाई आणि त्याच्या हाकेवर घरोघरची जाती-पाटे बाहेर येत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण याच व्यवसायातून मराठीत आली.

पीठगिरणीने जाते थांबवले, मिक्सरने पाटा थांबवला आणि सिमेंटने घडीव दगड थांबवला. ज्यांच्या आजोबांनी मंदिरांचे खांब घडवले, त्यांपैकी अनेकांच्या हाती आता खडी फोडण्याचे वा बिगारीचे काम उरले आहे. काही हात पाटे-वरवंटे, खलबत्ते आणि मूर्ती घडवून अजून तग धरून आहेत. वाड्याचा एक दगडी खांब दुरुस्त करायचा म्हटला तर कारागीर शोधत फिरावे लागते, आणि तो न मिळाल्याने ‘पाडून टाका’ हा सल्ला सोपा वाटू लागतो.

रंग, सिमेंट आणि फरशी

दुसरीकडे शहरांच्या कडेच्या टेकड्या क्रशरच्या तोंडी जात आहेत. काँक्रीटला खडी लागते आणि ती याच बेसाल्टची असते. ज्या डोंगरातून पूर्वी निवडून चिरे काढले जात, तो आता सुरुंग लावून सरसकट भुगा केला जातो. त्याच वेळी पाडलेल्या वाड्यांचे शंभर-दोनशे वर्षांचे घडीव चिरे भरावात टाकले जातात किंवा कवडीमोलाने विकले जातात. एकीकडे डोंगर फोडायचा आणि दुसरीकडे तयार चिरा फेकायचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबी माणसाला पटण्याजोगा नाही.

जेथे इमारत वाचते तेथेही दगड सुरक्षित नसतो. श्रद्धेपोटी जुन्या मंदिरांवर ऑइल पेंटचे थर चढवले जातात; त्याखाली कोरीव रेषा बुजतात. दगडी बांधकामात पावसाळ्यात ओल शिरते आणि पुढे सांध्यांतून ती बाहेर पडते. चुना तिला वाट देतो. रंगाचा थर किंवा सांध्यांत भरलेले सिमेंट ती वाट बंद करते. ओल आत कोंडते, तिच्याबरोबरचे क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे निघू लागतात. सिमेंट दगडाशी एकजीव होत नाही. सांधा हलला की ते चिऱ्याची कडच तोडते. रंग काढण्यासाठी वाळूचा जोरदार फवारा मारला तर रंगाबरोबर टाकीच्या खुणाही जातात. गर्भगृहाच्या काळ्या भिंतींवर चकचकीत फरशी बसवली की आतल्या दगडाचे काय होत आहे, हे दिसणेच बंद होते.

प्रत्येक दगडाचा धर्म निराळा. कोकण-गोव्याचा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, पण तो सच्छिद्र असल्याने पावसापासून त्याला चुन्याच्या गिलाव्याचे कवच लागते. जुन्या गोव्यातील बाँ जेझू बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि उघडा पडलेला जांभा पावसात झिजू लागला. घट्ट काळ्या पाषाणाला अशा कवचाची गरज नसते. एकाचे औषध दुसऱ्याला लावले तर अपाय होतो.

जीर्णोद्धाराचा खरा अर्थ

जैन परंपरेत जीर्णोद्धाराला नव्या मंदिराच्या उभारणीइतकेच, किंबहुना अधिक पुण्यप्रद मानले आहे. गुजरातच्या प्रबंधग्रंथांतली कथा प्रसिद्ध आहे. शत्रुंजयावरील लाकडी मंदिरात एक उंदीर जळती वात तोंडात धरून पळताना उदयन मंत्र्याने पाहिला आणि हे मंदिर पाषाणाचे व्हावे असा संकल्प केला. पुढे बाराव्या शतकात, कुमारपाल राजाच्या काळात, त्याचा पुत्र वाग्भट याने तो पूर्ण केला. त्या काळी जीर्णोद्धार म्हणजे नाशवंताच्या जागी टिकाऊ आणणे होते. टिकाऊ पाषाण झाकून वा काढून त्याजागी चार दिवसांची झळाळी आणणे, हा त्या शब्दाचा उलटा अर्थ झाला.

विसाव्या शतकातही आदर्श समोर आहे. देलवाड्याच्या मंदिरांच्या दुरुस्तीचे काम आणंदजी कल्याणजी पेढीने शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतले, तेव्हा सोपा मार्ग न पत्करता मूळ संगमरवराशी जुळणारा दगड दांता-अंबाजीच्या डोंगरांतून आणवला आणि सोमपुरा शिल्पींच्या हातून जुन्या नक्षीला जोड दिली. देलवाड्याला तो संगमरवर शोभतो, कारण तो त्या डोंगरांचा आहे. तोच न्याय सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला लावला पाहिजे. संगमरवर श्रेष्ठ आणि काळा दगड गरीब, अशी उतरंड शिल्पशास्त्राला मान्य नाही.

याला अहिंसेची बाजूही आहे. भूमीतला पाषाण हा पृथ्वीकाय जीव, अशी जैन दर्शनाची धारणा आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या व्यवसायाचा, स्फोटककर्माचा, समावेश आहे. गृहस्थाला घर बांधावे लागते, मंदिरही उभारावे लागते. सर्व आरंभ टाळता येत नाही. पण जो चिरा दोनशे वर्षांपूर्वीच खाणीतून निघाला आहे, तो पुन्हा वापरण्यात नवा सुरुंग लागत नाही, नवा डोंगर फुटत नाही. यत्नाचारपूर्वक जगणे आणि परिग्रहाला मर्यादा घालणे, या दोन्ही व्रतांचा मेळ जुन्या दगडाच्या पुनर्वापरात बसतो.

ठराव करण्यापूर्वी

जुन्या वास्तूला हात लावण्याआधी काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला आणि विश्वस्त मंडळाला करता येतात. वास्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि मोजमापे घ्यावीत. शिलालेख असल्यास त्याचे वाचन जाणकाराकडून करवून घ्यावे. वास्तू संरक्षित स्मारक आहे का, याची चौकशी पुरातत्त्व विभागाकडे करावी. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक असते. गळती कोठून होते ते आधी शोधावे. पुष्कळदा दोष दगडाचा नसून छपरावर उगवलेल्या पिंपळाचा किंवा तुंबलेल्या पन्हळीचा असतो. सांध्यांच्या दर्जा चुन्याने भराव्यात. रंग काढायचा तर वारसा-संवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली, कोपऱ्यातल्या एका छोट्या भागावर प्रयोग करूनच काढावा.

वाडा पाडणे अटळ असेल, तर प्रत्येक घडीव दगडावर क्रमांक घालून तो उतरवावा. जोत्याचे चिरे नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराला, खांब सभागृहाला, उंबरा देवघराला लावता येतो. अशा कामासाठी पाथरवटाला बोलावले, त्याला उचित मोबदला दिला, की एक वास्तू वाचते आणि त्याबरोबर एक विद्याही पुढच्या पिढीकडे जाते. मंदिरांच्या उत्सवांवर आणि चढाव्यांवर मुक्तहस्ताने खर्च करणाऱ्या समाजाला एवढा भार मुळीच जड नाही.

यंत्राच्या साहाय्याने दगडी वाडा दोन दिवसांत जमीनदोस्त होतो. तसा चिरा घडवायला एका कारागिराला कित्येक दिवस लागलेले असतात, आणि तो दगड घडायला निसर्गाला लागलेल्या काळाची गणती तर कोटींत आहे. पूर्वजांनी वहीत लिहून ठेवलेले देणे वंशजांनी फेडावे, ही व्यापारी घराण्यांची रीत आहे. जोत्याच्या आणि गर्भगृहाच्या काळ्या पाषाणाचे देणे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. तरीही ते फेडणे याच पिढीच्या हाती आहे.